सहाची बदली

सिदूला त्या रात्री फक्त गूळ घरी पोचवायचा होता. पाच किलोची भेली. त्याची लेक रोहिणी माहेरी बाळंत झाली होती, डिंकाचे लाडू करायचे होते, आणि बायकोने बजावलं होतं की गूळ अंबाजोगाईहूनच आणा, गावातल्या दुकानातला खारट लागतो. म्हणून पाळी संपवून, भेली पोत्यात गुंडाळून, मोटारसायकलला मागे बांधून तो निघाला. बुधवार, पंधरा मे, दोन हजार चोवीस. रात्रीचे साडेनऊ. तारीख मी अंदाजे सांगत नाही. सत्तावीस वर्षं कारकून होतो मी, तारखेत माझी चूक होत नाही. दुसरीकडे झाली. तीही सांगतोच.

राम, तो मोबाईल उलटा ठेव. आणि सायले, लॅपटॉपचं झाकण मिट बाई. लोक गच्चीवर वाऱ्याला येतात, तू आपली इथेही उजेड पाडून बसलीस. काय म्हणालीस? नोटीस पिरियड चालू आहे, हँडओव्हरचं सगळं लिहून काढायचंय? आणि घेणारं कोण आहे ते?

कोणी नाही म्हणतेस? जागाच रद्द झालीय?

हं... मिट मग. ही गोष्ट मी आज सांगणार नव्हतो. तुझ्यासाठी सांगतो.

तेलगाव सोडून धारूरच्या रस्त्याला लागलं की आपल्या फाट्याच्या जरा पुढे डाव्या हाताला पांढरी इमारत होती, आठवते ना? दूध थंड करायचं केंद्र. तीस-चाळीस गावांचं दूध कॅनमधून तिथे यायचं, मोठ्या टाकीत थंड व्हायचं आणि टँकर ते पुढे न्यायचा. मी तिथलाच कारकून. थंड करायला अमोनियाचं भलं मोठं कॉम्प्रेसर होतं. आम्ही त्याला नुसतं मशीन म्हणायचो. रात्री गावात पडल्या पडल्या त्याचा आवाज यायचा, धक् धक् धक्. भर मे महिन्यात त्याच्या पाइपांवर बोटभर बर्फ चढलेला असायचा. भागवत आणि सिदू हे त्या मशीनवरचे जुने गडी. भागवत रात्री दहा ते सकाळी सहा. सहाला त्याला सोडवायला सिदू. दुपारपाळीला माणसं आली-गेली, पण सहाची बदली म्हणजे सिदूच. बावीस वर्षं.

मशीनवर एक नियम होता. बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. अमोनिया आहे तो, गळला तर अख्खं गाव उठवावं लागेल. सिदू सकाळी यायचा, खिशातून गुळाचा खडा काढायचा, थंड पाण्याचा ग्लास भरायचा. रात्रभर त्या वासात भागवतच्या घशाला कोरड पडलेली असायची. भागवत म्हणायचा, ‘मशीन बरोबर हाय. घे.’ सिदू म्हणायचा, ‘घेतलं.’ मग भागवत खडा तोंडात टाकणार, पाणी पिणार, टॉवेल खांद्यावर आणि सायकलचं स्टँड काढणार. आपल्याकडे आल्या माणसाला गूळपाणी देतात. तिथे जाणाऱ्याला द्यायचे.

दोन हजार तेवीसच्या एप्रिलात वरून हुकूम आला. गावोगाव छोट्या थंड टाक्या बसल्या, केंद्राचं काम उरलं नाही. अकरा जणांना महिन्याची नोटीस. अकराही कागद मीच टाईप केले. अकरावा माझा स्वतःचा. आपल्याच नावामागे ‘श्री’ लावून ‘आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही’ असं आपल्याच बोटांनी बडवायचं म्हणजे काय, ते सायलीला नाही कळायचं. तिला बिचारीला आयतं ईमेल आलं.

सिदू शहाणा. चौथ्या दिवशी अंबाजोगाईला एका दवाखान्यात ऑक्सिजनच्या मशीनवर लागला. बाकीच्यांनी उरलेल्या रजा टाकल्या. मी रोज जायचो, टेबल पुसायचो, जुन्या फायलींच्या दोऱ्या सोडायचो आणि परत बांधायचो. दुधाच्या गाड्या पहिल्याच आठवड्यात बंद झाल्या. टाकी कोरडी ठाक. आणि भागवत? रोज रात्री दहाच्या ठोक्याला हजर. दाढी करून. फरशी धुवायचा, तेल घालायचा, मशीन चालू ठेवायचा. एक दिवस खाडा नाही.

त्याची बायको, ताराबाई, त्याला म्हणायची, ‘कावून जाता? तिथं थेंबभर दूध न्हाई.’

‘नोकरी पंधरा तारखेपस्तोर हाय न्हवं? मग पंधरापस्तोर मी नोकरदार हाय.’

मीही एकदा त्याची चेष्टा केली. म्हटलं, ‘भागवता, रिकामी टाकी थंड करून कुणाला पाजतूस बे?’

तो हसला नाही. म्हणाला, ‘राधाकिशन, घरी बसलो की हात थरथर करतेत. हितं करत न्हाईत.’

मग मी पुन्हा कधी हसलो नाही.

शेवटची पाळी, सोमवार, पंधरा मे. रात्री दहाला चढला. सकाळी सहाला सुटायचा. मी त्या दिवशी पहाटेच फायलींचे गठ्ठे घेऊन बीडला गेलतो. सहा वाजले. कोण येणार? सात वाजले. नऊ वाजले. ताराबाई भाकरी घेऊन गेली तर हा खुर्चीत बसलेला.

‘चला की घरी.’

‘बदली यिऊ दे.’

‘अवो, कोण येणार हाय आता? जागाच ऱ्हायली न्हाई.’

त्याने खिशातून नोटिशीचा कागद काढला आणि तिच्या हातात दिला. ताराबाई सातवी शिकलेली. तिने वाचला. खाली शेवटची ओळ होती, ‘पाळी संपल्यावर बदली कामगाराकडे ताबा देऊनच जागा सोडावी.’

ती ओळ माझी. मुद्दाम नाही लिहिली रे. दुसऱ्या केंद्रावर माणूस पाठवायचा जुना हुकूम होता, तो नमुना म्हणून समोर धरला, नावं बदलली, तारखा बदलल्या, मजकूर बदलला, आणि खालची ओळ तशीच राहिली. अकराही कागदांत. दहा जणांनी ती वाचली नाही. त्या दहांत मी पण आलो. भागवतने वाचली.

तिने मला फोन लावला होता. माझा बंद. मग सिदूला लावला. ‘भावजी, एकडाव यिऊन जावा. नुसतं घेतलं म्हणा, ते उठतेत.’

सिदू हसला. ‘वैनी, माझी पाळी हाय हितं. त्याला म्हणावं किल्ली खिडकीत टाक अन् जा घरी. उद्या येतो मी, बोलतो त्याला.’

रात्री तिने परत भाकरी नेली. त्याने पोटभर खाल्ली, नीट बोलला. तिलाच म्हणाला, तू जा, अंधार झाला. दुसऱ्या दिवशी, सतरा तारखेला, पहाटे ती गेली तेव्हा तो खुर्चीतच होता. टॉवेलाची घडी मांडीवर. निघायच्या तयारीत असल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, बसल्या जागी हृदय थांबलं. मशीन चालूच होतं. ते मी जाऊन बंद केलं. नुसतं बटण दाबलं. ‘घेतलं’ म्हणायचं मला सुचलं नाही.

त्या दिवाळीत मशीन भंगारात गेलं. ट्रकने जालन्याला नेलं. सिदू सुट्टीला आलेला होता, त्याने फाट्यावर उभं राहून ट्रक जाताना पाहिला. इमारतीत उरला तो सिमेंटचा चौथरा आणि त्यात रोवलेले चार बोल्ट.

आता ती गुळाची रात्र. सिदूने मला सांगितली तशीच सांगतो, पदरचं काही घालत नाही.

धारूरला चहा घेऊन तो घाट उतरला. उकाडा मरणाचा. कापसाची रानं मोकळी, वारा म्हणजे भट्टीचा. फाटा जवळ आला तेव्हा घड्याळात अकरा चाळीस. आणि अंगावरून एकदम थंड झुळूक गेली. त्याला बरं वाटलं. पुढे गेला. आवाज आला.

धक् धक् धक्.

आणि मधेच एक... ठक्.

मशीन ठोकत होतं. अमोनियाचं पाणी होऊन मशीनमध्ये शिरलं की ते असं ठोकतं. वेळेत बघितलं नाही तर फुटतं. बावीस वर्षांची सवय. डोक्याने काही विचारायच्या आत हाताने ब्रेक दाबला होता. गाडी लावली, गेट लोटलं, धावत गेला, दार ढकललं.

दारात उभा राहिला तेव्हा त्याला आठवलं.

मशीन जालन्याला गेलं...

आवाज थांबला नाही. आत गारठा होता. त्याच्या तोंडातून वाफ निघाली. मे महिन्यात.

चौथऱ्यापाशी कोणीतरी होतं. पाठमोरं. गळ्यात टॉवेल. एक हात वर, हवेत. जिथे पाइप असायचा, तिथे. बर्फ चाचपत होता.

‘उशीर केलास बे, सिदू.’

...

‘लई उशीर.’

सिदूने दाराची चौकट धरली. मागे वळावं म्हटलं तर मान वळेना. ते पाठमोरं तसंच उभं. मग आवाज पुन्हा आला. रागाचा नव्हता. दमलेल्या माणसाचा होता.

‘वर्साची पाळी झाली रं ही. आता उभं ऱ्हावत न्हाई... मशीन बरोबर हाय. घे.’

सिदूला रडू फुटलं. भीती होतीच, पण रडू तिच्याहून मोठं होतं. तो बाहेर आला. पोतं सोडलं. दगडाने भेलीचा एक खडा फोडला. मला सांगताना म्हणाला, ‘राधाकिशन, गाडी समोर हुती. चावी हातात हुती. पळून जाता आलं आसतं मला.’ मग म्हणाला, ‘आदल्या साली बी येता आलं आसतं.’

तो परत आत गेला.

चौथऱ्याच्या कडेला स्टीलचा एक ग्लास होता. भरलेला. कुणी ठेवला, हे त्याला तेव्हा माहीत नव्हतं. त्याने एका हातात ग्लास घेतला. दुसऱ्यात गूळ. हात पुढे केले. डोळे मिटले.

हातातला ग्लास उचलला गेला. बोटं लागली. ओल्या हाताने बर्फाचा पाइप धरला की कातडी चिकटते. तसं झालं.

‘घेतलं,’ सिदू म्हणाला.

मशीन थांबलं.

टॉवेल झटकल्याचा आवाज. पावलं. त्याच्या खांद्याजवळून गेली. बाहेर सायकलचं स्टँड... कट्ट.

मग काही नाही.

सिदू किती वेळ तसा उभा होता कोण जाणे. भानावर आला, दाराकडे गेला. एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

ठक्.

पाय आत घेतला. शांत.

पुन्हा टाकला.

ठक्... ठक्.

तेव्हा त्याला कळलं. ‘घेतलं’ म्हणाला होता तो. आणि बदली आल्याशिवाय... त्याची बदली कोण? त्या जागेवर यायला जगात माणूस उरला नव्हता. जागाच रद्द होती. फोन कुणाला लावणार? सांगणार काय? तो चौथऱ्याला टेकून खाली बसला. रोहिणीची पोर अकरा दिवसांची, तिचं तोंडही त्याने नीट पाहिलं नव्हतं. एक वाजला. तीन वाजले. त्या चार बोल्टांकडे बघत तो रात्रभर बसून राहिला. म्हणाला, भागवत एकतीस तास कसा बसला असेल, ते मला एका रात्रीत समजलं.

सकाळी सहाला दारात ताराबाई. हातात तांब्या.

ती वर्षभर येत होती रोज. ग्लास भरून ठेवायला. ‘तान लागत आसंल त्यांला,’ म्हणायची. आम्ही गावाने तिला खुळी ठरवून मोकळे झालो होतो. सिदूला तिथे बघून ती दचकली नाही.

‘रात्री अंगणात सायकल लागली, भावजी,’ ती म्हणाली. ‘स्टँडचा आवाज वळखते मी. दार उघडलं न्हाई. म्हटलं दमून आलेत, निजू द्यावं.’

सिदूने तिचे पाय धरले. ‘वैनी, मला माफ करा. मी त्या दिशी आलो न्हाई.’

‘आलात की काल. उठा आता. म्हणा.’

‘घ्या म्हणवत न्हाई, वैनी. तुमाला कोण सोडवंल मग?’

‘माझी बदली घरला निजलीय,’ ताराबाई म्हणाली. ‘माझी पाळी भरली की येतेत ते. आजवर एक दिस खाडा केलाय का त्यांनी? बोला, भावजी. लेक वाट बघती तुमची.’

‘...मशीन बरोबर हाय. घ्या.’

‘घेतलं.’

तिने त्याला तांब्यातलं पाणी दिलं, त्याच्याच भेलीतला खडा दिला. त्याने उंबरा ओलांडला. मागे काही वाजलं नाही.

सिदू त्या दिवशी दुपारी माझ्याकडे आला आणि हे सगळं सांगितलं. मग मीही ताराबाईकडे गेलो. ती चौथरा झाडत होती. मी तिला सांगितलं, ती ओळ चुकून राहिली होती, माझ्या हातून. तिने झाडू थांबवला नाही. म्हणाली, ‘वळीचं काय घेऊन बसलात भावजी. उठायला माणसाला कुणीतरी घेतलं म्हणावं लागतंय. न्हाई तर कुठं सोडून जायाचं येवढी वर्सं?’ तिने मला माफ केलं की नाही, ते मला आजही समजलेलं नाही. खरं सांगतो, झोप लागत नाही मला त्या ओळीपायी.

दहा महिने ती सकाळ-संध्याकाळ तिथे जात राहिली. मागच्या वर्षी मार्चात ती इमारत पाडली. त्यानंतर ताराबाईने अंथरूण धरलं. शुक्रवार, अकरा एप्रिल. आदल्या दिवसापासून तापात होती. मूलबाळ नाही, म्हणून मी आणि सिदू उशाला बसलेलो. लाईट गेलेली, पंखा बंद, पहाटेसुद्धा अंगाला घामाच्या धारा. तिच्या उशाशी तिचाच तो स्टीलचा ग्लास. रात्री मीच भरून ठेवला होता.

सहा वाजले.

तिने डोळे उघडले. आमच्याकडे नाही. दाराकडे.

‘आलात?’

सिदूने माझा हात घट्ट धरला. दारात कोणी नव्हतं.

‘सगळं बरोबर हाय,’ ती म्हणाली. ‘घ्या.’

मग ती ऐकत राहिली. आम्हाला काही ऐकू आलं नाही. तिला आलं असावं. चेहरा निवळला तिचा, पाळी सुटल्यावर भागवतचा निवळायचा तसा. आणि ती गेली.

थोड्या वेळाने सिदूने नुसतं बोट दाखवलं. ग्लास बाहेरून पांढरा झाला होता. बर्फ. खरबरीत, पाइपांवर चढायचा तसला. मी हात लावला तर बोटाची कातडी चिकटली. आणि त्या बर्फात चार बोटांच्या खुणा. धरल्याच्या.

नाही रे राम, फ्रिज नव्हता तिच्याकडे. तिच्या अख्ख्या वस्तीत नव्हता.

सायले, रडतेस काय? इकडे बघ. शेवटचा दिवस कधी तुझा? एकोणतीस, शुक्रवार. किती वाजता सुटतेस? सहा. बरं. मी सहाला तुझ्या खोलीत येईन. गुळाचा खडा घेऊन. हसू नकोस. तू ते झाकण मिटायचं आणि म्हणायचं, सगळं बरोबर आहे, घ्या. पुढचा शब्द मी म्हणतो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण तेवढा शब्द मला येतो. एकदा म्हणायचा राहिलाय माझा.

चला, झोपा आता. आणि राम, पाणी प्यायला खाली गेलास तर देवळीतल्या स्टीलच्या ग्लासाला हात लावू नकोस. तिचाच आहे तो. रोज रात्री मी त्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी भरून ठेवतो, उन्हाने तापलेलं, चटका बसेल असलं. सकाळी सहाला उठून बघतो. ग्लासाला बाहेरून घाम आलेला असतो. चहूबाजूंनी. चार बोटांच्या जागा तेवढ्या कोरड्या असतात.